लेकराची तहान

पाण्याची किंमत आमच्याकडच्या बाईला कुणी शिकवायला नको. मंगळवेढे-सांगोल्याच्या बाजूला निम्मा जन्म डोक्यावरच्या घागरीखाली जातो. पाट फुटला की कुणाचे नुकसान, दारं धरायला रात्री कुणी जायचे, पाटकरी कधी येणार, या गोष्टी आम्ही मिसरुड न फुटलेल्या पोरांनाही शिकवतो. पण जसे शेतात पाट आणि दारं असतात, तशी ती माणसाच्या अंगातही असतात, हे मला चाळिशी आल्यावर कळले. ते कळायला माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकराचे हाल व्हावे लागले. असे दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

बहीण आमच्या आत्याच्याच घरी दिलेली. मामाची मुलगी करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. घर माहितीचे, माणसे आपली, जमीन शेजारची. सगळे चांगलेच होते. लेकरू झाले तेही गोरेगोमटे. पण दोन महिन्यांतच त्याची कुरकुर सुरू झाली. कारण नसताना ताप यायचा, दूध ओकायचे, शी घट्ट व्हायची, वजन काही वाढेना. पुढे चालायला लागल्यावर ते खेळण्याकडे जायचे सोडून माठाकडे जायचे. तांब्यामागून तांबे पाणी. माठ उंचावर ठेवला तर गुरांच्या हौदाला तोंड लावायचे. रात्री चार-चार वेळा अंथरूण ओले. पाच वर्षांचे झाले तरी तेच.

त्यात 2013 चा दुष्काळ आला. उजनीचे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलेले. जनावरे छावणीत आणि माणसे टँकरच्या वाटेवर डोळे लावून. टँकर एक दिवसाआड यायचा. प्यायला पुरेना, तिथे रोजच्या गोधड्या कशात धुवायच्या? बहीण वापरलेल्या पाण्यात त्या बुचकळून वाळत टाकायची. शाळेतही बोलणी बसायची, कारण हे पोर तासात दोनदा बाहेर जायला मागायचे.

आत्याने एक दिवस सांगितले, "रातचं पाणी बंद करा याचं. लाडानं सवय लागलीया. दोन दिवस रडंल न् गप बसंल." आत्या दुष्ट बाई नव्हे. नातवावर तिचा जीव. तिला वाटले, कमी प्यायले की कमी लघवी होईल. हिशेब कुणालाही पटेल असाच होता.

दुसऱ्या दिवशी पोराला ताप चढला. डोळे खोल गेले, जीभ चामड्यासारखी झाली. मी भेटायला गेले होते. बहीण मला म्हणाली, "आक्का, ह्याच्या अंगात पाण्याचा थेंब नाही म्हणतात, मग ही लघवी येते कुठनं? आणि तीही नुसती पाण्यासारखी!"

सातवी शिकलेल्या बाईचा हा प्रश्न. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांना तोच प्रश्न पडला. त्यांनी आधी रक्तातली साखर तपासली, ती ठीक होती. म्हणजे मधुमेह नव्हे. रक्तात मीठ मात्र वाढलेले, आणि लघवी पातळ. अंगात पाणी कमी पडले की निरोगी माणसाची लघवी पिवळी आणि थोडी होते. याची तशी होत नव्हती. त्यांनी पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथे ज्या बाई होत्या त्यांनी कागदावर रेघा ओढून आम्हाला समजावले, आणि ते ऐकताना मला आमच्या मळ्यातल्या पाटाशिवाय दुसरे काही दिसेना.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळून काढतात. मोठ्या माणसाच्या अंगातले सगळे पाणी धरले तरी चाळीसेक लिटर भरते. म्हणजे तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळले जाते. त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात ओढून घेतले जाते आणि दीड-दोन लिटर तेवढे बाहेर पडते. बरेचसे पाणी सुरुवातीच्या नळ्यांतच परत येते, तिथली दारं सदा उघडी असतात. पण शेवटच्या टप्प्यावर पाळी असते. अंगात पाणी कमी झाले की मेंदूतून एक रस सुटतो. तो आमच्या पाटकऱ्यासारखा. तो येऊन सांगतो, "दारं उघडा, पाणी वाया जाऊ देऊ नका." मग पेशीच्या आत ठेवलेली दारं भिंतीवर येऊन बसतात, आणि पाणी परत रक्तात शिरते. पाणी भरपूर झाले की ती दारं पुन्हा आत घेतली जातात.

कुणाच्या अंगात पाटकरीच येत नाही. अशा रोग्याला तो रस औषध म्हणून देता येतो आणि चांगला गुण येतो. कुणाकडे पाटकरी येतो, पण त्याची हाक कुणाला ऐकू जात नाही. आमच्या पोराला तो रस देऊन पाहिला, काही फरक पडला नाही. पुढे रक्त तपासायला पाठवले तेव्हा कळले, की त्याच्याकडे पाटकरी आहे, हाकही पोचते, पण दारंच नीट घडलेली नाहीत. म्हणून पाणी पाटातून सरळ ओढ्याला जाते. तो प्यायल्यामुळे लघवी होत नव्हती. लघवी होते म्हणून त्याला प्यावे लागत होते. आत्याचा हिशेब उलटा होता तो इथे.

ही दारं सापडली त्याला फार वर्षे झाली नाहीत. माझा थोरला कृषी महाविद्यालयात शिकत होता, त्याने वाचून सांगितले. पेशीतून पाणी इतक्या वेगाने कसे जाते, हे कोडे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे होते. रुमानियात बेंगा नावाच्या शास्त्रज्ञाच्या मंडळींनी 1986 मध्ये रक्तपेशींत त्याचा माग काढला होता. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्रे हे रक्तगटावर काम करत होते. त्यांना 1988 मध्ये रक्तपेशींच्या भिंतीत एक अनोळखी प्रथिन मिळाले. ते शोधत होते भलतेच, हाती लागले हे. मग त्यांच्या मंडळींनी बेडकाच्या अंड्यांत ते प्रथिन तयार करवले आणि ती अंडी निव्वळ पाण्यात सोडली. काही मिनिटांत ती फुगून फुटली. साधी अंडी तशीच राहिली. 1992 मध्ये हे जाहीर झाले. अशा एका दारातून सेकंदाला सुमारे 3 अब्ज पाण्याचे रेणू जातात. त्या दारांना ॲक्वापोरीन म्हणतात. ॲग्रे यांना 2003 चे नोबेल पारितोषिक मिळाले, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर वाटून.

त्यापाठोपाठ ठिकठिकाणच्या मंडळींनी काम उचलले. जपानातल्या शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये मूत्रपिंडातले ते शेवटचे दार शोधले. हॉलंडमधल्यांनी 1994 मध्ये दाखवले, की ते दार बिघडले तर आमच्या भाच्यासारखा आजार होतो. डेन्मार्कमध्ये आऱ्हुस येथील नील्सेन आणि त्यांच्या सोबत्यांनी 1995 मध्ये दाखवून दिले, की दारं पेशीच्या आतून भिंतीवर येतात. माणसात अशी 13 प्रकारची दारं आहेत. डोळ्याच्या भिंगातले बिघडले तर लहानपणीच मोतीबिंदू होतो. मेंदूतल्या दारावर शरीर स्वतःच उलटले तर नजर जाते, पाय लुळे पडतात.

झाडांच्या मुळांतही हीच दारं असतात. पाणी साचलेल्या रानात उभे पीक माना टाकते, हे आपण दरवर्षी बघतो. मुळाला हवा मिळाली नाही की ती दारं मिटतात, असे फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवले. पायाशी पाणी आणि झाड तहानलेले. थोरल्याने हे सांगितले तेव्हा आत्या म्हणाली, "मग आमच्या पोराचं आन् त्या पिकाचं दुखणं एकच की!"

दार नवे बसवण्याचे औषध आजही आमच्या हाती नाही. पण पोर वाचले ते साध्या गोष्टींनी. पहिली गोष्ट, पाणी मागेल तेव्हा द्यायचे, रात्रीसुद्धा. दुसरी, मीठ कमी. मीठ बाहेर टाकायला पाणी लागते, म्हणून शेंगाची चटणी, पापड, लोणचे बेतानेच. सोलापूरच्या पोराला शेंगाची चटणी तोडायची म्हणजे शिक्षाच, पण बहीण त्याच्यासाठी वेगळी बिनमिठाची कुटते. तिसरी गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. लघवी वाढवायची म्हणून जी गोळी इतरांना देतात, तीच याला लघवी कमी करायला दिली. अंगातले मीठ थोडे घटले की सुरुवातीच्या नळ्याच जास्त पाणी ओढून घेतात आणि शेवटच्या दारापर्यंत पाणी कमी पोचते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजाराचे नाव लिहिलेला कागद तो नेहमी खिशात ठेवतो, कारण त्याला नेहमीचे सलाइन चालत नाही. आता तो बारावीला आहे. उंचीला थोडा कमी, पण अभ्यासात नाही.

आता अवघड गोष्ट. हा आजार बहुतेक घरांत आईकडून मुलाकडे येतो, आणि ती आई स्वतः बहुधा धडधाकट असते. आमच्याकडे आला तो दुसऱ्या वाटेने. बिघडलेल्या दाराचा अर्धा हिस्सा बहिणीकडे होता, अर्धा तिच्या नवऱ्याकडे. दोघांनाही काही त्रास नाही, कारण ज्याच्याकडे अर्धाच असतो त्याचे काम भागते. एकाच आजा-आजीच्या रक्तातून तो दोघांकडे आला आणि लेकरात एकत्र झाला. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला रुपयात चार आण्यांचा धोका असतो. बहिणीची धाकटी मुलगी अगदी ठणठणीत आहे.

गेल्या वर्षी माझ्या दादाने त्याची मुलगी माझ्या थोरल्याला देऊ केली. पोरगी गुणाची, मला मनापासून आवडते. पण बहिणीकडे जो हिस्सा आहे तो माझ्याकडे आणि दादाकडेही असू शकतो. मी म्हटले, "दादा, आधी दोघांचं रक्त तपासू." दादाला ते लागले. "आपल्याच रक्ताला नावं ठेवतेस?" म्हणाला, आणि भाऊबीजेला आला नाही. मी ओवाळणीचे ताट भरून ठेवले होते. मला वाईट वाटले, पण शब्द मागे घेतला नाही. ज्या गोधड्या बहिणीने धुतल्या त्या मी पाहिल्या आहेत. मागच्या महिन्यात वहिनीने पोरीला स्वतः घेऊन जाऊन रक्त दिले. माझ्या थोरल्यानेही दिले. निकाल काय यायचा तो येवो. नाते तुटावे म्हणून मी हे मागितले नाही, पुढचे लेकरू तहानलेले राहू नये म्हणून मागितले.

भगिनींनो, एवढेच सांगते. लेकरू नेहमीपेक्षा फार पाणी पिऊ लागले, फार लघवी करू लागले, वजनात घटू लागले, तर त्याला खोडी म्हणू नका आणि त्याचे पाणी तोडू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, आधी रक्तातली साखर आणि मग लघवी तपासून घ्या. लहान मुलांचा मधुमेहही असाच तहानेने सुरू होतो आणि त्यात दिवस घालवून चालत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रागावू नका. त्यांना पाट आणि दारं चांगली कळतात, तीच गोष्ट त्यांना सांगा. आमच्या आत्याला एका दुपारी कळली. आता पोर आले की पाण्याचा तांब्या तीच आधी पुढे करते.