‘अ‍ॅनिमल फार्म’मधला बेंजामिन आणि आपण शिकलेले लोक

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ या राजकीय रूपक-कादंबरीवर निबंध लिहायला सांगितला की आपली मुले एकच निष्कर्ष लिहून मोकळी होतात. सत्ता माणसाला बिघडवते आणि क्रांती झाली तरी शेवटी सगळे होते तसेच होते. साताऱ्यात आणि सांगलीत कॉलेजच्या मुलांचे अभ्यासवर्ग घेताना आम्हाला हे उत्तर नेहमी ऐकायला मिळते. आमचा या निष्कर्षाला विरोध आहे. क्रांती करूनही काही बदलत नसेल, तर आमच्या आजोबांनी १९५६ साली केलेले धर्मांतरही व्यर्थच म्हणावे लागेल. हे ज्याला पटत नाही, त्याने ही कादंबरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली पाहिजे.

पहिली गोष्ट, या रूपकाची सुरुवात आपल्या गावाला लागू पडत नाही. ऑर्वेलच्या शेतावर जोन्स हा मालक आणि त्याच्या खाली सगळी जनावरे सारखीच पिचलेली. आपल्याकडे शोषितांमध्येसुद्धा पायऱ्या आहेत. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. शिवाय ऑर्वेलने गुलाम माणसाची जागा दाखवायला जनावर निवडले. आपल्या देशात जनावराची जागा अस्पृश्य माणसाच्या वर होती. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, माणसाला होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा, आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवरचा प्रसंग सांगितला आहे. वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान तयार झाला. त्याला बैलाचा विटाळ नव्हता, नऊ वर्षांच्या भिवाचा होता. हे वास्तव ऑर्वेलच्या रूपकात मावत नाही, आणि आपल्या निबंधात हा मुद्दा सर्वात आधी आला पाहिजे.

दुसरी गोष्ट काळाची. ऑर्वेलने ही कादंबरी नोव्हेंबर १९४३ मध्ये लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९४४ पर्यंत संपवली. नेमक्या त्याच महिन्यांत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा आणि तासगाव तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. गावोगाव न्यायमंडळे बसली, सावकार आणि दरोडेखोरांना शिक्षा झाल्या, कमी खर्चात लग्ने लागली. हे मोठे काम होते आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण वतनी महारकी या काळातही गेली नाही. ती नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते, आणि ती कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे जोन्स गेला की सगळ्यांचा जोन्स जातो असे नाही. ऑर्वेलच्या शेतावरही बंडाच्या पहिल्याच दिवशी गाईंचे दूध डुकरांकडे गेले. त्यावर कोणी जाब विचारला नाही.

आता मुख्य मुद्दा. बंडानंतर जनावरे गोठ्याच्या भिंतीवर सात नियम लिहितात. पुढे त्या भिंतीवर एकेका नियमाच्या शेवटी एक-दोन शब्द वाढत जातात आणि नियमाचा अर्थ उलटतो. नियम कोणी उघडपणे पुसत नाही. एका रात्री रंगाच्या डब्यासकट शिडीवरून पडलेला स्क्वीलर सगळ्यांना दिसतो, तरी कोणाला काही उमगत नाही. बॉक्सर घोड्याला चार अक्षरांच्या पुढे वाचता येत नाही. मेंढ्या शिकवलेली घोषणा देत राहतात. पण एक जण आहे, बेंजामिन गाढव. त्याला डुकरांइतकेच चांगले वाचता येते आणि त्या रात्री काय घडले हेही कळते. तो मान डोलावतो आणि गप्प बसतो. बॉक्सरला खाटकाच्या गाडीत घातल्यावर तो पहिल्यांदा मोठ्याने वाचतो. तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

गाईडमध्ये सगळा दोष नेपोलियनवर टाकलेला असतो. आमच्या मते या कादंबरीतला खरा प्रश्न बेंजामिन आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी व्यथा मांडली, ती याच पात्राबद्दलची आहे. नोकरी लागली, शहरात फ्लॅट झाला, सगळे वाचता येते, पण वस्तीसाठी वाचायचे नाही. ‘शिका’ या शब्दापाशीच आपण थांबलो, तर आपणही बेंजामिनच.

भिंतीवरचे शब्द आपल्या डोळ्यांदेखत बदलल्याचे उदाहरण दूरचे नाही. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या तारखेलाच, सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यावर निकाल दिला. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी वरिष्ठांची परवानगी, अशा अटी त्यात आल्या. कायदा रद्द झाला नव्हता, त्याच्या पुढे शब्द वाढले होते. ते प्रकरणही आपल्याच कराडमधल्या एका सरकारी महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून उभे राहिले होते. पण या वेळी वाचणाऱ्यांनी मोठ्याने वाचले. वस्त्यावस्त्यांत निकालाचा अर्थ सांगितला गेला. २ एप्रिलला भारत बंद झाला आणि काही राज्यांत आपल्या माणसांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ आणून त्या अटी काढाव्या लागल्या. ऑर्वेलच्या शेतावर जे कधीच घडत नाही, ते इथे घडले. ‘काहीच बदलत नाही’ म्हणणाऱ्यांना आमचे हे उत्तर आहे.

पण रोजच्या भिंती वाचायला कोण जातो? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या गावात गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणारा पदवीधर आम्हाला क्वचितच भेटतो. मोर्चाला येणारे शंभर असतात, जमाखर्चाची वही मागणारा एखादाच. आणि ही वही फक्त सरकारकडेच मागायची नाही. आपल्या संघटना, विहार समित्या, जयंतीची वर्गणी यांचाही हिशेब विचारला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीपासून सावध राहायला सांगितले होते. त्यात ‘आपला नेता सोडून’ अशी सूट नव्हती. ती जोडणारा स्क्वीलर आपल्यातच असतो.

म्हणून मित्रांनो, या कादंबरीवर लिहाल तेव्हा तीन प्रश्न हातात घेऊन लिहा. बंडाआधी सगळे खरोखर सारखे होते का? पहिल्या दिवशीचे दूध कुठे गेले? आणि ज्याला वाचता येत होते, तो गप्प का बसला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकात आणि इतिहासात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर द्यायला पुढच्या ग्रामसभेत जावे लागेल. १५ टक्क्यांची माहिती लेखी मागा, आणि मिळालेला कागद वस्तीत बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

जय भीम!