पाटणची नाचरी वाटी

काठमांडूला गेलात, तर एक अख्खा दिवस पाटणसाठी राखून ठेवा. हे आपल्या सातारा जिल्ह्यातलं पाटण नव्हे हं! काठमांडूच्या दक्षिणेला बागमती नदी ओलांडली, की हे दुसरं पाटण लागतं. त्याचंच नाव ललितपूर. राजवाड्यासमोरच्या चौकात १६३७ साली बांधलेलं दगडी कृष्णमंदिर आहे. २०१५च्या भूकंपात याच चौकातली काही देवळं कोसळली, पण हे उभं राहिलं. ते पाहून झालं, की गल्ल्यांमध्ये शिरा. पाटणचे नेवार कारागीर धातुकामात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. दुकानादुकानांत मूर्ती, दिवे, घंटा, आणि काशाच्या वाट्या!

वाट्यांत काय पाहायचं, असं म्हणाल. आपल्याकडेही आजी काशाच्या वाटीनं तळपाय घासते की! पण इथली वाटी गाते. दुकानदार ती तळहातावर ठेवतो आणि लाकडी दांडा तिच्या काठावरून सावकाश गोल फिरवतो. आधी काहीच नाही. मग हळूहळू एक गंभीर सूर उमटतो आणि वाढतच जातो. तुम्ही त्याला एवढंच सांगा, "दाई, यात थोडं पाणी घालून दाखवाल?" (नेपाळीत मोठ्या भावाला दाई म्हणतात.)

आता मान खाली घालून नीट बघा. काठाजवळचं पाणी शहारतं. बारीक सुरकुत्या पडतात. दांड्याचा जोर वाढला, की त्या सुरकुत्यांतून टिपटिप थेंब वर उडू लागतात. वाटीतच छोटंसं कारंजं! कुणी याला मंत्रशक्ती म्हणेल, कुणी सांगेल की वाटी सात धातूंची आहे म्हणून असं होतं. ऐकून घ्या, पण मान डोलवू नका. अशा वाट्यांचा धातू तपासला, तर त्यात बहुतेक तांबं आणि साधारण पाचवा हिस्सा कथील सापडतं. म्हणजे आपलं कासंच. खरी गंमत आहे ती वाटीच्या थरथरण्यात.

वाजणारी वाटी गोल राहतच नाही, बरं का! ती सेकंदाला शे-दोनशे वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा एकदा अशी, एकदा तशी लंबगोल होते. हे आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला कळतं. काठाची चार ठिकाणं सगळ्यात जास्त हलतात, आणि पाणी तिथंच उसळतं. दांडा फिरेल तशी ही चार ठिकाणंही त्याच्यामागून फिरतात.

या सुरकुत्यांचा नीट अभ्यास पहिल्यांदा केला मायकेल फॅरेडेनं, १८३१ साली, लंडनमध्ये. विजेचा मोठा शोध लावला तो त्याच वर्षी! त्यानं थरथरत्या पृष्ठभागावर पाणी ओतलं, शाई ओतली, दूध ओतलं, अंड्याचा पांढरा बलकसुद्धा. त्याला दिसलं, की पृष्ठभाग दोनदा हलतो तेव्हा लाट एकदाच वरखाली होते. अगदी निम्म्या गतीनं.

थेंब कसा सुटतो? लाटेचं टोक उंच गेलं, की पाण्याचा पृष्ठताण त्याला खाली ओढू लागतो. पण थरथर जोरात असेल, तर टोक आणखी ताणलं जातं, त्याची मान बारीक होते आणि तुटते. तुटलेला तुकडा लगेच गोल होतो. थरथर जितकी जलद, तितक्या लाटा बारीक, आणि थेंबही बारीक. दम्यासाठी वाफ देणाऱ्या यंत्रांचा एक प्रकार याच तत्त्वावर चालतो. त्यातली चकती सेकंदाला दहा लाखांहून जास्त वेळा थरथरते, म्हणून औषधाचं धुकं होतं आणि ते छातीत खोलवर पोचतं.

२०११ साली बेल्जियमचे देनी तेरवान्य आणि अमेरिकेतले जॉन बुश यांनी अशाच वाट्या प्रयोगशाळेत आणल्या. दांडा नाहीच, समोर स्पीकर ठेवून, वाटीचाच सूर वाजवून त्यांनी ती थरथरवली आणि अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं. उडालेले काही थेंब परत पडल्यावर द्रवात मिसळलेच नाहीत! टुणटुण उड्या मारत, घरंगळत ते वरच्या वरच राहिले. थेंब आणि खालचा द्रव यांच्यात हवेचा पातळ पापुद्रा अडकतो, आणि प्रत्येक उडीत तिथं नवी हवा शिरते. म्हणून थेंब वाचतो.

पाटण दूर आहे, पण सुरकुत्या घरीही पाहता येतील. पातळ काचेचा, पाय असलेला पेला आईला विचारून घ्या. तो पाऊण भरा. हात साबणानं धुवा, बोट ओलं करा आणि काठावरून अगदी हलकेच फिरवा. जोर दिलात तर काच फुटेल. सूर लागला, की बोटाकडे नको, पाण्याकडे बघा.