घरची तालीम

मी इयत्ता चौथीत शिकतो. मी अंगाने बारीक आहे. वर्गातले पोट्टे मला 'काडी' म्हणत होते. त्याचे मला एवढे काही वाटत नव्हते. पण मागच्या श्रावणात एक गोष्ट घडली, ती सांगतो.

त्या दिवशी आई-बाबा वावरात निंदणाला गेले होते. आजोबा गावात गेले होते. घरी मी आणि आजीच होतो. पाऊस चालू होता. आजी न्हाणीपाशी शेवाळावरून घसरून पडली. मी धावत गेलो. तिच्या बगलेत हात घालून उचलू लागलो, पण ती हलेचना. आजी म्हणाली, "राहू दे बापू, तुह्याकून होत नाही. कोणाले तरी बोलाव." मी शेजारी पळालो तर घराला कुलूप. मग पुढच्या घरी गेलो. तोपर्यंत आजी पावसात तशीच पडून होती. नशीब, हाड मोडले नाही. पण मला रात्री झोप आली नाही. आपल्या अंगात ताकद असती तर आजी एवढी भिजली नसती, असे सारखे वाटे.

मी बाबांना म्हटले, "मला जिममध्ये टाका." बाबा म्हणाले, "कापूस निघू दे, मग पाहू." कापूस निघाल्यावर पैसे कुठे जातात ते मला माहीत आहे. बियाण्याची आणि खताची उधारी असते. म्हणून मी पुन्हा विचारले नाही.

आजोबांनी हे ऐकले. ते तरुणपणी दंगलीत कुस्ती खेळत. ते म्हणाले, "जिम कायले पाहिजे? खाली जमीन आहे, वर अंग आहे. आपलं अंग हेच आपलं वजन. उद्या पहाटे ऊठ."

मी उठलो आणि हौसेने एकदम ५० बैठका मारल्या. आजोबा नको म्हणत होते. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मला खाली बसता येईना, आणि बसल्यावर उठता येईना. सारा वर्ग हसला. आजोबा म्हणाले, "ताकद उधार भेटत नाही. रोज थोडी थोडी जमा करा लागते."

मग आम्ही बेताने सुरुवात केली. आधी २ सूर्यनमस्कार, मग १० बैठका. जोर मला एकही जमत नव्हता. छाती खाली गेली की वर येतच नव्हती. आजोबांनी हात जमिनीऐवजी ओट्यावर ठेवायला लावले. हात उंचावर असले की जोर सोपा जातो. तीन आठवड्यांनी मी ओट्यावरून पायरीवर आलो, आणि दिवाळीत जमिनीवर पहिला जोर काढला. लिंबाच्या फांदीला मी लोंबकळतो. पहिल्या दिवशी १० आकडे मोजेपर्यंत हात सुटला, आता ४० मोजतो. रविवारी सुट्टी. आजोबा म्हणतात, अंगाला आरामही लागतो.

वजनासाठी गोड्या तेलाची ५ लिटरची रिकामी कॅन घेतली. सरांनी शिकवले आहे की १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. म्हणून मी आधी २ लिटर पाणी भरले, मग ३ लिटर. पाणी कमी-जास्त केले की वजन कमी-जास्त होते. उचलताना कमरेत वाकायचे नाही, गुडघे वाकवायचे आणि वजन अंगाजवळ धरायचे. श्वास कोंडायचा नाही. दहा वर्षांच्या पोराने फार जड उचलू नये, असे आजोबा बजावतात.

आजी म्हणते, "आमच्या वक्ताले जातंच आमची तालीम होतं." ती मला रात्री भिजवलेले हरभरे आणि मूठभर शेंगदाणे देते. बाकी भाकर, तुरीचे वरण आणि भाजी, सगळ्यांचे तेच माझे.

सरांनी आम्हाला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. ते सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर गावचे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी केली. आपल्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. त्यांच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. हे ऐकून मला वाटले, ओट्यावरचा जोर काही लहान नाही.

आता माझा खर्च सांगतो. ओटा घरचा, लिंब दारचा, कॅन रिकामी, पाणी नळाचे. खर्च शून्य रुपये. आता मी १२ सूर्यनमस्कार, ४० बैठका आणि ८ जोर काढतो. दिसायला अजून काडीच आहे. पण पाण्याची बादली वाटेत न टेकवता घरात आणतो.

आजीला एकट्याने उचलणे मला अजूनही जमत नाही. खोटे कशाला सांगू? पण ती खाटेवरून उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवते. पहिले मी डगमगत होतो. परवा ती उठली आणि म्हणाली, "आता हालत नाही रे तू, खांबावाणी झाला." त्या दिवशी मला पदक मिळाल्यासारखे वाटले. न्हाणीजवळचे शेवाळही मीच दर रविवारी घासून काढतो.

मित्रांनो, पैसे नाहीत म्हणून थांबू नका. उद्या पहाटे उठा आणि दोनच नमस्कार घाला. पण एकदम ५० बैठका मारू नका!

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी, ढाणकी