मळवलीचे दोन बांध

भाद्रपदात कधी मावळात गेला आहात? नसाल तर एकदा अवश्य जा. पुण्याहून लोणावळ्याची सकाळची लोकल धरावी आणि मळवलीला उतरावे. लोहगड आणि विसापूर ढगांत डोके खुपसून बसलेले असतात. खाली इंद्रायणी नदीकडे भाताची खाचरे एकाखाली एक उतरत गेलेली दिसतात. जवळच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला ‘इंद्रायणी’ वाण इथल्या घराघरांत पोचला आहे. भात पोटरीतून बाहेर पडू लागले की शिवाराला मंद वास सुटतो.

गेल्या भाद्रपदात मी गेलो तो मात्र वास घ्यायला नव्हे. ओळखीच्या एका आबांचा निरोप होता, “साहेब, खाचरात गोल चट्टे पडायला लागलेत. बघून जा.”

रात्री पाऊस होऊन गेला होता. वाटेत आधी शेजाऱ्याचा बांध लागला. गुडघाभर गवत, मधूनमधून फुललेला तेरडा आणि काडीकाडीला ताणलेली कोळ्यांची जाळी, थेंबांनी लखलखणारी. खाली बसून भाताचे चूड हलवले, तर एक लांडगा कोळी पाण्यावरून तुरुतुरु पळाला. मागे अंड्यांची पांढुरकी पिशवी चिकटलेली. पानावर दुसरा एक लांब जबड्याचा कोळी पाय ताणून असा पडला होता की काडीच वाटावी.

पुढचा बांध आबांचा. पिवळा, वाळलेला, बोडका. जाळे एकही नाही. आतल्या चुडांच्या बुडाशी तपकिरी तुडतुडे दाटलेले. चुडाला पाच ते दहा दिसले की सावध व्हावे असे आम्ही सांगतो. इथे वीसवर मोजून मी थांबलो.

“आबा, बांध असा कशानं?”

“तुम्हीच सांगितलं होतं की, बांध स्वच्छ ठेवा म्हणून. विळा चालवायला माणूस मिळंना, मग तणनाशक मारलं.”

मी गप्प झालो. खोटे काहीच नव्हते. लोंबीतले दूध शोषणारे ढेकूण आणि लष्करी अळी गवतात आसरा घेतात, म्हणून आम्ही बांध स्वच्छ ठेवा म्हणतो. चार वर्षांपूर्वी याच गावच्या सभेत कुणीतरी विचारले होते, तणनाशक चालेल का? मी म्हणालो होतो, “चालेल. ते झाडाला मारतं, किड्याला काही करत नाही.”

ते उत्तर अर्धेच खरे होते. बांधावर मारतात ते ग्लायफोसेट झाडातले एक विकर अडवते. ते विकर प्राण्यांत नसते. त्यामुळे फवाऱ्याखाली कोळी सहसा लगेच मरत नाही. पण त्याचे घर मरते. जाळे ताणायला उभी काडी हवी, उन्हात ओलसर सावली हवी, आणि भातात भक्ष्य नसेल तेव्हा पोटाला गवतातली चिलटे हवीत. इंग्लंडात १९९० च्या दशकात शेताकडेच्या गवतावर हेच तणनाशक मारून कोळी मोजले. गवत वाळून बसले तसे कोळीही कमी झाले. सगळेच जीव घटतात असे नाही. कुजणाऱ्या पाल्यावर जगणारे काही बारीक जीव वाढतातही. पण आपले राखणदार मात्र जातात.

हे राखणदार येतात कुठून? चिखलणीत खाचर ढवळून निघते. लावणीनंतर बरेचसे कोळी बांधावरूनच पुन्हा आत उतरतात. एक लांडगा कोळी दिवसाला पाच ते पंधरा किडी खातो. तुडतुड्यांची पिढी साधारण महिन्यात पुरी होते. सुरुवातीलाच कोळी नसतील, तर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

सगळे खापर मी बांधावर फोडत नाही. आबांची लावणी दाट होती, युरिया सढळ पडला होता, पाणी तुंबले होते. पाणी काढायला लावले, चट्ट्यांपुरते औषध बुडाशी मारायला सांगितले. बाकीचे पीक सावरले. चट्ट्यांतले भात मात्र गेलेच. निघताना आबांच्या सूनबाई एवढेच म्हणाल्या, “म्हशीचा भारा आता वढ्यापल्याडनं आणावा लागतो, साहेब.” हा खर्च माझ्या हिशेबात कधी नव्हताच.

तेव्हा एवढे करा. बांध विळ्यानेच कापा, लोंबी बाहेर पडण्याआधी. सगळा एकाच दिवशी नको. एक बाजू आज, दुसरी पंधरा दिवसांनी. चार बोटे बुडखा राहू द्या. माणूस मिळत नसेल तर शेजाऱ्याशी सावड करा. चारा दोघांच्याही गोठ्यात जाईल. औषधाची वेळ आलीच, तर आधी चूड हलवून तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजा.

पुढच्या सभेत मी माझे वाक्य सर्वांसमोर दुरुस्त केले: स्वच्छ बांध म्हणजे कापलेला बांध, वाळवलेला नव्हे. आबा पहिल्याच रांगेत बसले होते. यंदा त्यांच्या बांधावर पुन्हा गवत आहे. भाद्रपदात मी जाळी बघायला जाणार आहे.