ओव्यांचा लॅपटॉप

माझा लॅपटॉप 2013 सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क. घेतला तेव्हा त्यावर विंडोज 7 होती, पुढे विंडोज 10 आली. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. माझ्याकडे दोन्ही नाही. पण पडदा स्वच्छ आहे, कीबोर्डचं एक बटण सैल झालेलं नाही. पोलादपूरच्या दमट पावसाळ्यांत इतकी वर्षं टिकलेलं यंत्र केवळ जुनं झालं म्हणून टाकून द्यायला मन होईना.

आणि त्यात माझ्या ओव्या होत्या. उमरठ, कुडपण, किनेश्वर या गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मी नोकरीच्या काळात उतरवून घेत आले. आधी वहीत, मग सुट्टीत बसून लॅपटॉपवर. ज्यांनी सांगितल्या त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. त्यांच्या घरांत जातं आहे, पण कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं.

महाडला माझा एक जुना विद्यार्थी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले, तर झाकण उघडायच्या आत त्याने विचारलं, "बाई, कॉपी काढलीय का?" महाडमध्ये हा प्रश्न सहज विचारला जात नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने बाजारपेठ बुडाली. त्याचं तेव्हाचं दुकान तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर गिऱ्हाइकांच्या हार्ड डिस्क चिखलातून वेचून त्याने एकेक धुऊन वाळवली. काहींतलं काही निघालं, बहुतेकांतलं काहीच नाही. लोक लग्नाचे फोटो मागायला येत होते, हे सांगताना अजून त्याचा आवाज बदलतो. आता दुकान वरच्या मजल्यावर आहे. त्याचा नियम असा, की एक कॉपी पोलादपूरला, दुसरी महाडला त्याच्या कपाटात आणि तिसरी माझ्या मुलीकडे ठाण्याला. तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी पाणी शिरत नाही. तिन्ही कॉपी उघडून पाहिल्यावरच त्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

मागचं झाकण काढून त्याने जुनी हार्ड डिस्क बाहेर घेतली आणि त्याच जागी 240 जीबीची एसएसडी बसवली. दोन्हींचं माप अडीच इंचच, त्यामुळे काही कापायचं-जोडायचं नव्हतं. जुन्या डिस्कला यूएसबीचं कव्हर घालून ती माझ्या हातात दिली. ही पद्धत मला फार आवडली. जुनी डिस्क पुसलीच नाही, म्हणजे काही राहून गेलं असलं तरी ते तिथे आहेच. रिकाम्या खाचेत 4 जीबीची आणखी एक रॅम बसली. फिरत्या डिस्कवर जे चालू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ लागायचा, ते आता लगेच समोर येतं. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल, तर तो एसएसडीवर करावा, असं माझं मत झालं आहे.

प्रणाली म्हणून लिनक्स मिंट 22 घ्यायचं ठरलं, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. तिला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि पैसे पडत नाहीत. फाइल जवळपास तीन जीबीची. आमच्याकडे डोंगराच्या कुशीत मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून ती महाडलाच उतरवून घेतली आणि पेन ड्राइव्हवर चढवली. त्याआधी त्याने शा-256 चा आकडा ताडून पाहिला. उतरवताना फाइल बिघडली असेल, तर तो आकडा जुळत नाही.

पुढचं मी घरी केलं. मला ते स्वतः करून पाहायचं होतं. बॅटरी मेल्यात जमा, म्हणून लॅपटॉप इन्व्हर्टरच्या बोर्डाला लावला. मध्येच लाइट गेली असती, तर अर्धवट प्रणाली घेऊन बसावं लागलं असतं. मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं चाललं. वायफाय मात्र दिसेना. मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडलं. त्यानेच चिप ओळखून ड्रायव्हर सुचवला. मग इन्स्टॉल केलं. भाषांच्या यादीत मराठी होती, तीच निवडली. काही मेनू अजून इंग्रजीत दिसतात, पण अडत नाही.

खरं काम त्यानंतर निघालं. ओव्यांची फाइल उघडली, तर पडदाभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मजकूर बिघडलेला नव्हता. त्या काळी आमच्याकडे टायपिंग चालायचं ते युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर कधी मराठी नव्हताच. फॉन्ट नाही, तर मराठीही नाही. जुन्या डिस्कवरून फॉन्ट आणून बसवल्यावर ओव्या दिसू लागल्या, पण 'माहेर' शोधलं तर एकही सापडेना.

म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणायला घेतलं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती डोळे मिटून वापरण्याजोगी नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षर आलं की साधन गोंधळतं. आडव्या 'ऱ्य'चा तर हमखास 'र्य' होतो आणि ओवीतल्या दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. कुडपणच्या बाईच्या तोंडी दर्या कसा येईल! म्हणून प्रत्येक ओवी मूळ वहीशी ताडून पाहावी लागते. दुरुस्तीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकले. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी म्हणजे पाय मोडायचा हलन्त, मग य. बोटांना वळण लागायला वेळ गेला, पण आता वहीकडे बघत टाइप करता येतं.

ही वाचणी मला ओझं वाटत नाही. टाइप करताना घाईत सुटलेल्या काही ओळी वहीत सापडल्या. एका ओवीखाली सांगणारीचं नाव आणि सासरचं गाव पेन्सिलने लिहिलेलं होतं, ते फाइलमध्ये आलंच नव्हतं. आता प्रत्येक ओवीखाली नाव, माहेर, सासर आणि साल लिहिते आहे.

किनेश्वरच्या ओव्या पूर्ण झाल्या. त्यांत 'सावित्री' शोधलं की नदीच्या सगळ्या ओव्या एकापाठोपाठ समोर येतात. त्यांतल्या एका बाईंची मुलगी लग्न होऊन महाडला असते. तिने आईच्या ओव्या मागितल्या होत्या. त्या छापून घेतल्या आणि विद्यार्थ्याच्या दुकानात ठेवल्या. ती गुरुवारी घेऊन गेली. उमरठच्या वह्या आता सुरू आहेत, कुडपणच्या त्यानंतर.