परमुलखातील पंगत

परदेशी काही वर्षे राहून आलेल्या मनुष्यास आपल्याकडे जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो तेथील राज्यव्यवस्थेचा अथवा हवामानाचा नसतो. "तिकडे जेवणाचे फार हाल झाले असतील, नाही?" हाच तो प्रश्न. नोकरीनिमित्त २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे आम्ही चीन देशातील शांघाय शहरी काढली. परत आल्यावर साताऱ्यास बहिणीच्या घरी आणि सांगलीस स्वतःच्या घरी आम्हांस हाच प्रश्न शेकडो वेळा ऐकावा लागला. विचारणाराच्या ओठांवर बहुधा थोडे हसू असे. त्या हसण्यात एके काळी आम्हीही सामील होतो, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे.

शांघायमधील पहिल्या वर्षी आम्ही एक वही ठेविली होती. बाहेर जेवून आलो की तीत आपले मत टिपून ठेवावयाचे, असा क्रम होता. परवा कपाट आवरताना ती वही हाती लागली. तीतील काही मते वाचून हसू आले, काही वाचून लाज वाटली. आणि जी गोष्ट तीत लिहिलेलीच नाही ती आठवून सर्वांहून अधिक वाईट वाटले. या साऱ्याचा वृत्तांत मुलांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वहीतील पहिले मत असे: "येथे शाकाहारी मनुष्यास उपवासाखेरीज गती नाही." याचे कारण पहिल्याच आठवड्यात घडले. एका उपाहारगृहात आम्ही हातवारे करून मांस नको असे सांगितले आणि चित्रातील घेवड्याच्या हिरव्या शेंगांवर बोट ठेविले. शेंगा आल्या, परंतु त्यांवर डुकराच्या मांसाचा बारीक खिमा भुरभुरलेला होता. आम्ही संतापलो. पुढे कळले की त्या आचाऱ्याने आम्हांस मुळीच फसविले नव्हते. मांस म्हणजे मांसाचे तुकडे, अशी त्याची समजूत. खिमा हा त्याच्या लेखी केवळ चवीपुरता. आपण नाही का भाजीत दाण्याचे कूट घालीत, आणि तिला दाण्याची भाजी मात्र म्हणत नाही!

कचेरीच्या द्वारपालाने मग आम्हांस तीन शब्द शिकविले: "वो छ्र सू." अर्थ असा की, मी 'सू' खातो. हा 'सू' म्हणजे नुसते मांसावाचूनचे जेवण नव्हे. बौद्ध भिक्षूंच्या आहाराची परंपरा त्याच्या पाठीशी आहे. तेथील पुष्कळ भाविक लोक चांद्र महिन्याच्या प्रतिपदेस व पौर्णिमेस असे जेवण घेतात. हे शब्द आम्ही प्रथम उच्चारिले तेव्हा वाढणाऱ्या बाईने गंभीरपणे विचारले, "मग कांदा-लसूण चालेल ना?" आम्ही थक्क झालो. हा तर आमच्या आजीचा चातुर्मासातील प्रश्न! बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण व त्यांच्या जातीच्या उग्र भाज्या वर्ज्य मानतात, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. पुढे नानजिंग रस्त्यावरील 'गोंगदेलिन' या १९२२ साली स्थापन झालेल्या प्रसिद्ध शाकाहारी भोजनगृहात आम्ही वारंवार गेलो. सोयाबीन, अळंबी आणि कणीक धुऊन उरणारा चिवट गोळा यांपासून तेथे बदकाच्या व माशाच्या आकाराचे असे पदार्थ करितात की, पाहणारा क्षणभर घाबरावा.

सकाळच्या न्याहारीचीही मग ओळख झाली. शांघायमध्ये न्याहारीच्या चार पदार्थांस देवळाच्या द्वाररक्षकांवरून 'चार वज्ररक्षक' म्हणतात: तव्यावरील जाड पोळी, तेलात तळलेली मैद्याची लांब जोडकांडी, चिकट भाताचा मुटका आणि सोयाबीनचे ऊन दूध. मुटका मात्र आत काय घातले आहे ते विचारूनच घ्यावा लागे. तळलेली कांडी ऊन दुधात बुडवून खाताना आम्हांस सांगलीच्या घरातील चहा-खारीची आठवण होई. चहा हा शब्दही मूळचा त्याच देशाचा. आपण तो जवळजवळ त्यांच्याच उच्चाराने बोलतो. आजीच्या लोणच्याची बरणीही चिनी मातीचीच होती. वस्तू घरात घेताना आपण कधी नाक मुरडले नाही. माणसांच्या बाबतीतच आपले नाक अधिक हुशार होते.

दुसरे मत: "येथे सर्वजण एकमेकांचे उष्टे खातात." आपल्या पंगतीत ज्याचे त्याचे पान निराळे. तेथे मोठ्या वाटोळ्या मेजाभोवती दहाबाराजण बसतात, मधल्या फिरत्या तबकावर सर्व पदार्थ असतात, आणि जो तो आपल्या काड्यांनी त्यांतून घास उचलतो. आम्ही पहिल्या मेजवानीत केवळ कोरडा भात खाऊन उठलो, व यजमान खिन्न झाले. परंतु ही शंका चिनी लोकांस स्वतःस सुचली नव्हती असे नाही. १९१०-११ साली मंचुरियात भयंकर प्लेग आला असता त्याच्याशी झुंजणारे डॉक्टर वू ल्येन-ते यांनीच पुढे फिरत्या तबकाचा व प्रत्येक पदार्थास स्वतंत्र वाढण्याच्या पळीचा पुरस्कार केला. ज्यांच्या घरी प्लेगच्या दिवसांत गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिल्याच्या कथा सांगितल्या जातात, त्यांस या डॉक्टरांचे मन सहज कळेल. २०२० च्या साथीनंतर तर शांघायमध्ये वाढण्याच्या निराळ्या काड्यांचा मोठाच प्रचार झाला. तात्पर्य, ज्या गोष्टीवरून आम्ही एका राष्ट्रास अस्वच्छ ठरविले, तिच्यावर त्या राष्ट्रातील जाणते लोक आमच्या जन्माआधीपासून विचार करीत होते.

तिसरे मत: "ही माणसे जेवून झाल्यावर भांडतात." खरोखरच, दोन प्रतिष्ठित गृहस्थ गल्ल्यापाशी एकमेकांचे मनगट धरून झटापट करीत होते. चौकशी करिता समजले की, पैसे कोणी द्यावयाचे यावरून ते भांडण होते! दोघेही मीच देणार म्हणून हटून बसले होते. हे वाचून साताऱ्यातील कोणता मामा किंवा सांगलीतील कोणता काका वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा राहणार नाही? आग्रह तोच, "आणखी थोडे घ्या" तेच, आणि पाहुण्याने "पुरे" म्हटले तरी ते ऐकू न येणेही तेच. एकमेकांस भेटल्यावर जुन्या वळणाची माणसे "छ्र ल मा?" असे विचारितात. त्याचा अर्थ "जेवलात का?"

अशाच एका वाटोळ्या मेजावर एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही महाराष्ट्रातील, असे दुभाष्याने सांगताच ते उठून उभे राहिले आणि "के दीहुआ!" असे म्हणाले. हे सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, युद्धातील जखमींची सेवा करीत तेथेच राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्या वृद्धांनी भाजीचे तबक फिरवून आमच्यापुढे आणिले व निराळ्या चमच्याने स्वहस्ते वाढिले. आम्ही काहीही केलेले नसता एका सोलापूरकराच्या पुण्याईवर त्या रात्री जेवलो.

परंतु शांघायमध्ये आमचा खरा सोबती झाला तो एक शेवयावाला मुलगा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हाताने ओढलेल्या शेवयांचे छोटे दुकान होते. अशी दुकाने बहुधा दूर पश्चिमेकडील चिंघाय प्रांतातून आलेले हुई जमातीचे मुसलमान लोक चालवितात. तो मुलगा पिठाची वात दोन्ही हातांनी ताणी, दुमडी, पुन्हा ताणी. एकाचे दोन, दोहोंचे चार. आठ वेळा दुमडले की दोनशे छपन्न धागे! गणिताच्या तासास आम्हांस हे उदाहरण कोणी दाखविले असते तर श्रेढी इतकी कठीण वाटली नसती. तेथील रस्सा मांसाचा असे. म्हणून तो आम्हांस टोमॅटो व अंडे घालून कोरड्या शेवया करून देई. अंडे खाण्याची सवलत आम्ही परदेशाच्या नावावर घेतली होती, हे आईबापांस येथे प्रथमच कळत आहे!

एके दिवशी आम्ही त्यास विचारिले, "तू शांघायचे जेवण जेवतोस का?" तो हसून म्हणाला, "मला कोठून चालणार? येथे बहुतेक जागी डुक्कर." म्हणजे स्वतःच्या देशात असूनही तो आमच्याइतकाच परका होता, आणि तोच आम्हांस रोज जेवू घालीत होता. आम्हांस मुंबईची आठवण झाली. साताऱ्याकडील किती तरी मनुष्ये गिरण्यांत कामास गेली आणि गिरणगावातील खानावळींत बायांच्या हातची भाकरी खाऊन जगली. अशाच खानावळवाल्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. विटे-खानापूर भागातील गलाई मंडळी तर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पार केरळ-बंगालपर्यंत जाऊन राहिली आहेत. परमुलखात ज्याने भुकेल्या पोटी पहिल्या रात्री दार ठोठावले आहे, त्यालाच अन्न वाढणाऱ्या हाताची किंमत कळते. निदान आम्हांस ती कळली, असे आम्ही समजत होतो.

आता वहीत नसलेली गोष्ट सांगतो. २०१८ च्या डिसेंबरात आमचे एक चिनी सहकारी कामानिमित्त आमच्याबरोबर इकडे आले. सातारहून सांगलीस मोटारीने येत होतो. वाटेत "छ्र ल मा" यास मराठीत काय म्हणतात ते त्यांनी विचारिले, आणि "जेवलात का?" व "जेवलो" हे शब्द गिरवीत ते कराडपासून पेठ नाक्यापर्यंत आले. पुढे एका खानावळीत उतरलो. अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी व खरडा मागविला. चीनमध्ये जेवताना ऊन पाणी पिण्याची रीत आहे. म्हणून त्यांनी खुणेने ऊन पाणी मागितले. शेजारच्या बाकावर चारपाच तरुण बसले होते. ते हसू लागले. एकजण मोठ्याने म्हणाला, "किडेमुंग्या खाणाऱ्याला मसूर कशाला वाढता?" पुन्हा हशा झाला.

सहकाऱ्यांनी आमच्याकडे पाहून विचारिले, "काय म्हणतात ते?"

तीन वर्षांत इतक्या मेजांवर सन्मानाने बसलेले, कोटणीसांच्या पुण्याईवर जेवलेले आम्ही! त्या तरुणांस एक शब्द सुनावण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आम्ही म्हटले, "जेवलात का, असे विचारीत आहेत."

ते गृहस्थ लगेच उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडून, चेहरा प्रसन्न करून, त्या बाकाकडे वळून म्हणाले, "जेवलो. तुम्ही जेवलात का?"

हशा जागच्या जागी थांबला. तोच खानावळीच्या मावशी तांब्याभर ऊन पाणी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सारे ऐकले होते. तांब्या पाहुण्यापुढे ठेवून त्या तरुणांस म्हणाल्या, "हसता कशापाई रं? बाळंतिणीला ऊन पाणी देतोच न्हवं आपण? माझ्या दारचा पाव्हणा हाय त्यो." मग त्यांनी पाहुण्यास भाकरी एका हाताने कशी मोडावी ते दाखविले. बाकावरच्या त्या बोलणाऱ्या मुलाने मान खाली घालून "व्हय, जेवलो" एवढेच उत्तर दिले.

पाहुण्यांस ती गोष्ट आजही ठाऊक नाही. आपल्या मुलखात अनोळखी माणसेही आस्थेने जेवणाची चौकशी करितात, असे त्यांनी परत गेल्यावर सर्वांस सांगितले. आमच्या असत्याने त्यांचे मन राखिले हे खरे. परंतु त्याच असत्याच्या आड आमचा भित्रेपणाही लपला. जे बोलावयास हवे होते ते मावशी बोलल्या. त्या कधी परदेशी गेल्या नव्हत्या, आणि त्यांच्यापाशी मते लिहिलेली वहीही नव्हती.

आपल्या शाळेत प्रभूची प्रार्थना म्हणण्याचा प्रघात आहे. तीत आपण रोजची भाकर मागतो. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी बायबलात त्याच ठिकाणी भाकर नाही, पावही नाही. नित्याचे खाणेपिणे असा शब्द आहे. भाषांतरकारांनी जाणले की, जो तो आपल्या घरचे अन्न मागणार. आणि देणाऱ्यास त्याची अडचण वाटत नाही. मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या कृष्णाकाठ सोडून दूरदूरच्या शहरी जातील. तेथील अन्नाविषयी मत अवश्य बनवा. मात्र ते बनविण्याची घाई करू नका, आधी वाढणाऱ्याचे नाव विचारा. आणि जे येथेच राहतील त्यांनी एवढे करावे: शेजारच्या बाकावर कोणी परका जेवावयास बसला, तर आम्ही ज्या वेळी गप्प राहिलो त्या वेळी गप्प राहू नये. त्यास नुसते विचारावे, "जेवलात का?" आणि ते खरेच विचारावे.