कोचिंगचं आता काय होणार?

दुबईत तीन मराठी माणसं भेटली की त्यातला एक तरी हल्ली 'कोच' निघतो. करिअर कोच, लीडरशिप कोच, लाइफ कोच... मीही सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीत हा उद्योग करतो. फी घेत नाही, पण रिटायर झाल्यावर रीतसर लायसन्स काढून पूर्णवेळ हेच करायचं डोक्यात आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या चर्चेचा नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि सीव्ही, कव्हर लेटर, मॉक इंटरव्ह्यू ही कामं आमच्या हातातून गेली. गेली ते बरंच झालं! त्या कामाचे लोक जे पैसे लावत होते ते ऐकून लाज वाटायची. जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे गाजलेले ते चार प्रश्न (ध्येय काय, परिस्थिती काय, पर्याय कोणते, नक्की करणार काय) यंत्रही विचारतं. रात्री दोन वाजता, मराठीतून, न कंटाळता.

शिवाय यंत्रापुढे लाज वाटत नाही. १९६६ साली एमआयटीत वायझेनबाऊम यांनी 'एलायझा' नावाचा अगदी साधा गप्पा मारणारा प्रोग्राम केला, तर त्यांच्याच सेक्रेटरीनं त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आपण तर नोकरी गेली हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. गणपतीत कोणी विचारलं तर "सध्या जरा ब्रेक घेतलाय". असो.

आता मला आलेला एक अनुभव. शारजात राहणारे एक गृहस्थ, पर्चेस खात्यात वीस वर्षं. कंपनीनं सांगितलं, "आम्ही काढण्यापेक्षा तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्डला चांगलं दिसेल." यांनी यंत्राकडून राजीनामा लिहून घेतला. पत्र खरंच सुरेख होतं. माझ्याकडे आले ते फक्त शेवटचं वाक्य जरा मऊ करायला.

मी विचारलं, "साहेब, बेरोजगारी विमा भरताय ना?"

जानेवारी २०२३ पासून इथे हा विमा सक्तीचा आहे. बेसिक १६ हजारांपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, वर असेल तर १०. सलग १२ महिने भरला असेल आणि नोकरी गेली, तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. पण स्वतः राजीनामा दिला तर काहीच नाही! यांचा बेसिक १८ हजार. म्हणजे ३२,४०० दिरहम त्या सुरेख पत्रापायी जाणार होते. घरात बारावीची मुलगी आणि पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता.

यंत्राला विम्याबद्दल विचारलं असतं तर त्यानं बरोबर सांगितलं असतं, यात शंका नाही. पण यांनी मागितलं पत्र, त्यानं दिलं पत्र. समोरच्याच्या होला हो करायची त्याची खोड तर जगजाहीर आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी इतकं गोड बोलायला लागलं की कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. माझ्या मते दोन वीकेंडचं सर्टिफिकेट घेऊन "वा, छान, पुढे व्हा" म्हणणारे जे कोच आहेत, त्यांचं दुकान आधी बंद होणार. तेच काम यंत्र फुकटात करतं. जो न विचारलेलं विचारतो, वेळ आली तर "हे करू नका" म्हणतो, त्याच्याकडे लोक अजून काही वर्षं तरी येतील.

पुढे यंत्रही न विचारलेलं विचारायला शिकेल, कदाचित लवकरच. पण या गृहस्थांना माहिती मिळाल्यावरही "कशाला वाईटपणा, देऊन टाकतो पत्र" असं रोज संध्याकाळी वाटायचं. मी रोज फोन करायचो. सहाव्या दिवशी कंपनीनंच काढल्याचं पत्र दिलं आणि त्यांनी ३० दिवसांच्या मुदतीत क्लेम टाकला. सध्या अबुधाबीत एका ठिकाणी इंटरव्ह्यूच्या फेऱ्या चालू आहेत. त्याची तयारी मात्र ते यंत्राबरोबरच करतात, माझ्यापेक्षा बरं जमतं म्हणे त्याला.